तुम्ही विचारलंत म्हणून: डीबी माडीवर का?

"एवढं नवीन वायरिंग केलंत आणि डीबी वर माडीवर? काकूंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, दिवसभर त्या खालीच असतात. एमसीबी पडली तर त्यांनी काय करायचं?"

डीबी म्हणजे घरातल्या सगळ्या एमसीबींचा डबा, एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण, आणि काकू म्हणजे माझी आई. हा प्रश्न मला शेजारी विचारतात, मामा दर दिवाळीला विचारतो, घर बघायला आलेले पाहुणे विचारतात. आजवर मी "पाण्यामुळे" एवढंच म्हणत आले. चिपळुणात तेवढ्यावर माणूस गप्प बसतो. पण गप्प बसलेल्याला पटलेलं नसतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आमचा जुना बोर्ड पुढच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला होता. लाकडी फळी, तिच्यावर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे तीन किटकॅट फ्यूज. 2005 च्या जुलैत घरात कमरेएवढं पाणी आलं, पण बोर्डापर्यंत पोचलं नाही. पाणी जिथे थांबलं तिथे बाबांनी खिळ्याने रेघ ओढून ठेवली होती.

2016 साली भावाचं लग्न ठरलं, घराला रंग काढला, आणि त्याच खर्चात फळी काढून एमसीबीचा डबा बसवायचं ठरलं. ते करायलाच हवं होतं. किटकॅटमध्ये फ्यूजची तार उडाली की हाताला लागेल ती तार बांधली जायची, आणि जाड तार बांधली की फ्यूज असून नसल्यासारखा. जागा मात्र मी ठरवली: जिन्याखालचं कपाट. बाबा म्हणाले, "अंधारात दारातून आत आलं की हात जायला हवा. आहे तिथेच राहू दे." मी म्हटलं, आता तार बांधायची नाही, नुसतं बटण वर करायचं. इन्व्हर्टरही त्याच कपाटात राहणार होता, वायर कमी लागणार होती. ही कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण एकच होतं, मला दिवाणखान्याची ती भिंत मोकळी हवी होती. जिन्याच्या उतारामुळे डबा खाली घ्यावा लागला आणि त्याचा तळ बाबांच्या रेघेच्या वीतभर खाली आला. वायरमनने बोट लावून दाखवलं होतं. मी म्हटलं, तसा पूर काय रोज येतो?

22 जुलै 2021. पहाटे बाबांनी हाक मारली तेव्हा पाणी पडवीत होतं. आईला वर नेऊन बसवलं आणि मी खाली येईपर्यंत ते घरात घोट्याच्या वर आलेलं. कागदपत्रं, औषधं, तांदळाचा डबा, एकेक वर नेत होतो. मध्येच आळीतली लाईट गेली. खिडकीबाहेर मिट्ट काळोख, आणि आमच्या घरात इन्व्हर्टरवर दिवे चालू, पंखासुद्धा फिरतोय. मला बरं वाटलं, उजेडात सामान तरी नेता येतंय. दिवे लागलेत म्हणजे भिंतीतल्या तारांत अजून 230 व्होल्ट आहेत, हे मला कळत नव्हतं असं नाही. त्या वेळी सुचलं नाही. बाबांना सुचलं.

ते तेव्हा 71 वर्षांचे होते. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर. कपाटाचं दार फुगलेलं, बाहेरून पाण्याचा दाब, उघडेना. त्यांनी दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा उघडलं आणि आतून छत्र्या, रद्दी, रिकाम्या गोण्या तरंगत बाहेर आल्या. सगळं मीच तिथे कोंबलेलं. त्यांनी गोण्या बाजूला सारल्या, वाकले आणि हात आत घातला. डबा पत्र्याचा होता. आमचं अर्थिंग कधी तपासलेलं नव्हतं, आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच लाईन तोडणारं बटण, 2016 मध्ये मी 'नंतर बसवू' म्हणून वगळली होती. बाबांची बोटं झाकणाला लागली.

त्यांच्या तोंडून जे निघालं तो शब्द नव्हता. खांदा आखडला, मान एका बाजूला गेली. मी दोन पायऱ्या उतरले, हात पुढे केला आणि मागे घेतला. करंट लागलेल्याला हात लावायचा नाही, कोरडं लाकूड घ्यायचं, हे शाळेपासून ऐकलेलं. मी कोरडं लाकूड शोधत इकडे तिकडे पाहिलं. सगळं घर पाण्यात. दोन सेकंद गेले असतील, चार गेले असतील. मग ते आपोआप मागे फेकले गेले, पाण्यात पडले. मी बनियनला धरून त्यांना पायरीवर ओढलं. उजव्या हाताची दोन बोटं टोकाला पांढरी पडली होती. दिवे अजून चालूच होते.

मी केलं ते बरोबरच होतं असं डॉक्टर म्हणाले. दोघंही अडकला असतात, असं भाऊ म्हणाला. बाबा त्यावर आजवर काही बोललेले नाहीत. माझा हात मागे जाताना त्यांनी पाहिला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

पाणी आमच्या भिंतीवर साडेसहा फुटांवर थांबलं. आता तुम्हीच खाली जागा सांगा. स्वयंपाकघर नको, गॅसच्या किंवा सिंकच्या वर बोर्ड लावत नाहीत. न्हाणीघराला लागून असलेली भिंत बारा महिने ओलसर. पडवीत मीटर आहे, पण तिथे पावसाची झड येते. राहिली दाराजवळची जुनी जागा. वायरिंगच्या भारतीय मानकात डीबी जमिनीपासून 2 मीटरपेक्षा उंच लावू नका असं आहे, कारण हात पोचला पाहिजे. साडेसहा फूट म्हणजे जवळपास 2 मीटरच. हात पोचेल तिथे पाणी पोचलं होतं आणि पाणी पोचणार नाही तिथे हात पोचत नाही. म्हणून माडी. जिन्याच्या माथ्यावर, वर पाऊल ठेवलं की उजव्या हाताला, डोळ्यांच्या उंचीवर, समोर काहीही ठेवायचं नाही. इन्व्हर्टर वर, त्याचा स्विच डीबीच्या शेजारी. खालच्या मजल्याला वेगळी 30 मिलिअँपिअरची ईएलसीबी, वरच्याला वेगळी. इन्व्हर्टरची न्यूट्रल स्वतंत्र ओढली, नाहीतर ईएलसीबी विनाकारण पडत राहते. खालचे सगळे प्लग छताकडून उतरवून साडेचार फुटांवर घेतले. आता पाणी यायला लागलं तर जो वर जाईल तो जाताजाता खालचा मजला बंद करील. पाण्यात कोणी उतरायचं नाही. त्या जागेचा हिशोब एवढाच आहे.

आणि तरी तुमचा प्रश्न चुकीचा नाही. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात आणि खालची ईएलसीबी पडते. गेल्या पावसाळ्यात मी कामावर असताना दुपारी पडली. आई फ्रीज बंद, पंखा बंद, अशी बसून राहिली आणि बाबा कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेले. वायरमन म्हणतो, ताई, खाली दाराजवळ छोटा डबा देतो, खालच्या मजल्यापुरता, मेन वरच राहील. पूर आला तर तो डबा वरूनच मेलेला असेल, धोका नाही. त्याचं म्हणणं मी चार वेळा तपासून पाहिलं. त्यात चूक सापडत नाही. पण वरचं बटण खाली करायला त्या वेळी कोणी विसरलं तर? मी स्वतः विसरले होते, उजेडात उभी राहून.

मी कधी म्हणते, आईचं रोजचं आयुष्य खाली आहे आणि मी एका पहाटेसाठी घर मांडलंय. कधी म्हणते, 2016 मध्येही मी असंच बोलले होते, की तसा पूर काय रोज येतो.

परवा बाबांनी दाराच्या आत, डाव्या हाताला, जुन्या फळीच्या जागी पेन्सिलने एक छोटा चौकोन काढून ठेवला आहे. मला काही बोलले नाहीत. मी तो पुसलेला नाही आणि वायरमनला फोनही केलेला नाही.