भाव्यांचा सूत्रधार आणि एक अमेरिकी रॉक अल्बम

न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकी बँडचा ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ हा अल्बम फेब्रुवारी १९९८ मध्ये मर्ज रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. त्यात एकूण ११ रचना आहेत आणि त्यांची लांबी जेमतेम ४० मिनिटे आहे. सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाने त्यावर एकांकिका करायचे ठरवले आणि संगीताची बाजू माझ्याकडे आली, तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न होता की यात गोष्ट कुठे आहे. प्रश्न रास्त होता. बँडचा गायक आणि गीतकार जेफ मँगम याने अ‍ॅन फ्रँक या नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची डायरी वाचली, त्या वाचनाने तो मुळापासून हादरला आणि ते हादरणे या गाण्यांत उतरले, हे सर्वज्ञात आहे. पण तिची कथा अल्बममध्ये सलग अशी कुठेच येत नाही. एका गाण्याच्या नावात हॉलंड आणि १९४५ हे साल आहे, दोन डोक्यांचा एक मुलगा चौथ्या गाण्यात येतो आणि शेवटच्या गाण्यात पुन्हा भेटतो, अधूनमधून आईवडिलांची भांडणे येतात, देह येतो, देव येतो. पात्रे आहेत असे वाटत राहते आणि धरायला जावे तर ती निसटतात.

अशा वेळी सगळ्यांना सुचणारा मार्ग म्हणजे गाणी पात्रांना वाटून देणे. आपल्या संगीत नाटकाला हा मार्ग परका नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पासून पात्रे आपापली पदे स्वतः गाऊ लागली, आणि सांगलीला लागून असलेल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ च्या ‘शारदे’त पद हे पात्राच्या बोलण्याचाच भाग करून टाकले. मुलांनीही तालमीत तशी वाटणी करून पाहिली. पण या अल्बममधला ‘मी’ एका जागी थांबत नाही. तो एका ओळीत प्रियकर असतो, दुसरीत लहान मूल आणि तिसरीत कुणा मृताशी बोलणारा माणूस, आणि हे सगळे एकाच ताणलेल्या, वरच्या पट्टीत फाटत जाणाऱ्या गळ्यातून येते. तो गळा पाच जणांत वाटला की उरते ते स्नेहसंमेलन.

उत्तर किर्लोस्करांच्या आधी सापडले, आणि तेही गावातच. विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ केले, हे सांगलीत शाळकरी मुलालाही पाठ असते, कारण त्या दिवशी रंगभूमी दिन साजरा होतो. पण त्या नाटकांची घडण कशी होती, हे नाट्यमंडळातल्या मुलांनासुद्धा फारसे ठाऊक नव्हते. भाव्यांच्या खेळात पदे सूत्रधार गात असे. पात्रे त्या पदांवर अभिनय करीत आणि पदातला प्रसंग पुढे नेणारे गद्य संवाद ऐनवेळी स्वतः रचून बोलत. म्हणजे गाणारा एक आणि बोलणारे अनेक. गाणाऱ्याने सगळ्यांच्या वतीने ‘मी’ म्हणायचे आणि बोलणाऱ्यांनी त्यातला आपल्या वाट्याचा अंश उचलायचा. संगीत नाटक पुढे ज्या वळणाने गेले ते वळण घेण्यापूर्वीची ही रीत कच्ची होती असे आपण सहज म्हणतो, पण या अल्बमसाठी तीच नेमकी बेतलेली निघाली. सूत्रधार म्हणून आम्ही जिला निवडले त्या मुलीचा गळा तयार नाही, आणि तो तसा नसणेच आम्हाला हवे होते.

गोष्ट सांगलीत आणावी, २०१९ च्या महापुरात माळ्यावर अडकलेले कुटुंब दाखवावे, असा एक प्रस्ताव होता. मी त्याला ठाम विरोध केला. पुरात माळ्यावर बसलेला माणूस बोटीची वाट पाहतो. अ‍ॅन फ्रँक १९४२ च्या जुलैपासून १९४४ च्या ऑगस्टपर्यंत अ‍ॅमस्टरडॅममध्ये लपून राहिली ती कुणी येऊ नये म्हणून. तेव्हा माणसे, गावे आणि साले तिकडचीच ठेवली, रीत तेवढी इथली घेतली.

खरी मजा आवाजात होती. अल्बममध्ये ज्युलियन कोस्टर चक्क करवत वाजवतो. करवतीची मूठ मांड्यांत धरायची, दात आपल्याकडे ठेवायचे, डाव्या हाताने टोक वाकवून पात्याला दुहेरी बाक द्यायचा आणि गुळगुळीत कडेवर राळ लावलेला व्हायोलिनचा गज फिरवायचा. बाक वाढवला की स्वर चढतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारताच येत नाही, सगळी मींडच. आमच्या व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाला हे फार लवकर जमले, मात्र पाते लांब आणि लवचीक लागते. जाड पात्याची छोटी करवत दाद देत नाही. पितळी वाद्यांसाठी लग्नाच्या बँडमधले वादक बोलावले. ‘द फूल’ ही शब्दांविना असलेली रचना त्यांनी एकदा ऐकली आणि कानाने उचलली, वर त्यात वरातीचा थोडा झोलही आणला, जो मूळ ध्वनिमुद्रणात नाही आणि मला मुळापेक्षा अधिक आवडतो. सर्वांत अवघड गेले ते गिटारचे काम. साधी अकॉस्टिक गिटार मुद्दाम मर्यादेपलीकडे ढकलून तिचा आवाज फाडणे, ही या अल्बमची ओळख. पण ध्वनियंत्रणेवर लाल दिवा लागला की मागे बसलेल्या माणसाचा हात आपोआप खाली येतो. हा बिघाड हवा आहे, हे त्याला पटवून द्यावे लागले.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगतो. प्रताधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात शैक्षणिक संस्थेतल्या प्रयोगाला सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असले तर. म्हणून महाविद्यालयातल्या प्रयोगात मूळ गाणी इंग्रजीतच घेतली आणि बाहेरच्या प्रयोगासाठी स्वतंत्र मराठी पदे, स्वतंत्र चालींत रचली. ती भाषांतरे नाहीत. कायदा कल्पनेला हात लावत नाही, अभिव्यक्तीला लावतो. दुसरी अडचण अधिक गमतीची होती. भाव्यांच्या रीतीप्रमाणे गद्य ऐनवेळी सुचायला हवे, तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाला संहिता आधी लिहून द्यावी लागते. शेवटी तालमींतले उत्स्फूर्त बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यातले टिकाऊ तेवढे उतरवून काढले. काही मुलांचा ताजेपणा त्यात गेला, हे खरेच आहे.

शेवटावरून वाद झाला. अल्बमच्या अखेरीस मँगम गिटार खाली ठेवून उठून जातो आणि ते ध्वनिमुद्रणात ऐकू येते. एका मुलाला त्याऐवजी भरतवाक्य हवे होते. सूत्रधार आहे, तर समारोपही रीतसर व्हावा, हा त्याचा मुद्दा तर्काला धरून होता. पण भरतवाक्यात सर्वांचे कल्याण चिंतायचे असते आणि अ‍ॅन तर १९४५ मध्ये बर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत मेलेली असते, त्यामुळे मी नाही म्हटले. बाहेरचा प्रयोग रंगभूमी दिनाच्या सुमारास करावा असे मुलांच्या मनात आहे. माझी हरकत नाही, फक्त तारीख तुळशीच्या लग्नाच्या आधीची पाहा, एवढेच मी त्यांना सांगितले आहे. एकदा मुहूर्त सुरू झाले की बँडवाले मिळणार नाहीत.