मानशीवरची रात्र

नाताळच्या सुटीतल्या आमच्या सात दिवसांच्या शिबिराचा तो चौथा दिवस होता. डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी वसलेल्या त्या गावात राष्ट्रीय सेवा योजनेचे चाळीसेक स्वयंसेवक घेऊन मी गेले होते आणि पहिल्या तीन दिवसांत शिबिरात जे जे करतात ते सर्व आम्ही यथासांग केले होते. शाळेचे आवार झाडले, कुंपणाची भिंत रंगवली, देवळासमोर पथनाट्य केले, आणि भिंतीपुढे उभे राहून छायाचित्रही काढून घेतले. ही योजना 1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने सुरू झाली. तेव्हापासून किती भिंती रंगल्या असतील, असा एक खट्याळ विचार माझ्या मनात दर वर्षी येतो.

चौथ्या दिवशी घरोघरचे सर्वेक्षण होते. उन्नत भारत अभियान 2014 मध्ये सुरू झाले, तेव्हापासून त्यात सहभागी झालेल्या उच्च शिक्षणसंस्थांनी जवळपासची पाच गावे निवडून तेथे काम करावे अशी अपेक्षा असते. आमच्या महाविद्यालयाच्या पाच गावांत हे एक होते. प्रत्येक घराची एक छापील पत्रिका भरायची होती, तिच्यात माणसे, शौचालय, स्वयंपाकाचे इंधन, पाणी असे रकाने होते. दुपारी एका घराच्या सोप्यावर माझी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी एका वयस्कर काकींची पत्रिका भरत होती. पिण्याचे पाणी कुठले, असे तिने विचारले. नळाचे, असे उत्तर आले. तिने खूण केली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

"आणि विहिरीचे विचारले नाहीस?" काकी म्हणाल्या.

"हा रकाना फक्त पिण्याच्या पाण्याचा आहे, काकी."

काकी उठल्या, परसातल्या विहिरीवरून कळशी भरून आणली आणि पेला तिच्यापुढे धरला. "तोंडात घाल, मग पुढचे लिही." मुलीने घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. पाणी मचूळ नव्हते, चांगले खारट होते. दोन-तीन वर्षांमागेपर्यंत याच पाण्यावर पावसाळ्यानंतर मिरची, वांगी, भेंडी होत असे आणि शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात जात असे, असे काकींनी सांगितले. आता मिरचीचे रोप वीतभर होऊन जळते. पंचायतीत सांगितले, आणखी एका कार्यालयात सांगितले. तिथल्या माणसाने लेखी द्या म्हटले. काकींनी लेखी काय द्यायचे? पाणी खारट आहे, एवढेच ना?

मी रसायनशास्त्र शिकवते. शेतातली माती तपासून देण्यासाठी विद्युतवाहकता मोजणारे एक छोटे उपकरण मी सोबत नेले होते; पाण्यात विरघळलेले क्षार जितके अधिक तितका त्याचा आकडा वर जातो. बागायतीला देण्याच्या पाण्याचा आकडा 0.7 डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असला तर काळजी नसते, 3 च्या वर गेला तर मीठ न सोसणाऱ्या पिकांना ते पाणी चालत नाही. काकींच्या विहिरीने 2.6 दाखवला. गोव्यातल्या जांभ्या दगडातल्या गोड्या विहिरींत यातला दशांशही सहसा दिसत नाही. मी तो आकडा पत्रिकेच्या समासात लिहिला, कारण त्याला रकाना नव्हता.

काकींचे दीर उमेदीच्या वर्षांत बांधावर राबलेले. ते इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होते. पाणी खारट का झाले असावे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी नदीच्या दिशेने हनुवटी उचलली आणि दोनच शब्द बोलले, "मानशीक विचारात." म्हणजे मानशीला विचारा.

ज्यांनी खाजण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर जमीन ही मुळात भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन आहे. शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी मातीचे बांध घालून ती नदीकडून मिळवली; तेच खाजण. बांधात जागोजागी दगडी चौकटीत बसवलेली लाकडी दारे असतात, ती मानस. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दार आपोआप मिटते, ओहोटी लागली की आत साठलेले पाणी त्याला उघडून बाहेर जाते. त्याला ना यंत्र लागते, ना वीज. आत पोंय असते, म्हणजे पाणी साठण्याची खोलगट जागा, आणि तिच्या भोवती भातशेती. पावसाळ्यात माती धुऊन निघाली की कोरगुट, आसगो यांसारखी मीठ सोसणारी भाते इथे होतात. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान या नावाने काढलेले खारपड जमिनीचे वाणही आता काहीजण लावतात. खाजणाच्या वरच्या अंगाला खेर जमीन, आणि काकींची विहीर नेमकी त्या खेरात. पूर्वी बांध आणि मानस गावकरी, म्हणजे जुनी ग्रामसंस्था, सांभाळी. 1964 चा कूळ कायदा आला आणि पुढे 1975 च्या नियमांनी ही जबाबदारी कुळांच्या संघटनेकडे गेली. मानशीवरची मासेमारी पावणीत, म्हणजे लिलावात, दिली जाते आणि तिचे पैसे बांधाच्या डागडुजीसाठी असतात. शेतकऱ्याला दार घट्ट मिटलेले हवे आणि सुंगटे (कोळंबी) धरणाऱ्याला भरतीचे पाणी आत यायला हवे, ही ओढाताण तेव्हापासूनची नाही, त्याहून जुनी आहे.

त्या रात्री मार्गशीर्षातली अमावास्या होती, म्हणजे मोठी भरती. एक भरती आणि एक ओहोटी मिळून साधारण 12 तास 25 मिनिटे होतात. दर पंधरा मिनिटांनी आतल्या बाजूची नोंद घेतली तर 50 नोंदी होतील, असा हिशेब मी मांडला. दोन मुली आणि तीन मुलगे तयार झाले. मुलींच्या घरी मी स्वतः फोन केला, एका वडिलांनी "रात्रभर दारावर बसून काय मोजणार?" असे विचारले, आणि मला नीटसे उत्तर देता आले नाही. काकींचे दीर काठी आणि कंदील घेऊन आमच्यासोबत आले. बॅटऱ्या असताना कंदील कशाला, असे मुलांना वाटले. पहाटे त्या एकामागून एक विझल्या तेव्हा कळले.

संध्याकाळी सातला नदी अगदी खाली होती. पहिल्या तासातच एक घोटाळा झाला. प्रत्येक नोंदीनंतर उपकरणाचे टोक धुण्यासाठी डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणली होती; मुलांनी त्या पाण्याचा चहा करून प्यायला. मला कळेपर्यंत चार नोंदी न धुतलेल्या टोकाने घेऊन झाल्या होत्या. मी त्या चारही खोडल्या, वहीत तसे लिहिले, आणि शाळेतून आणवलेल्या नळाच्या पाण्याची वाहकता मोजून त्यानेच धुवायला सुरुवात केली. चहा मात्र चांगला झाला होता, असे सर्वांचे मत पडले.

साडेनऊच्या सुमारास बाहेरचे पाणी आतल्याच्या बरोबरीला आले. बाहेरचा काळा फुगवटा आणखी चढला, आणि दार मिटल्याचा लाकडावर लाकूड आपटल्याचा जड आवाज झाला. आता आतला आकडा स्थिर राहायला हवा होता. तो राहिला नाही. सव्वादहाला 5, अकराला 8, मग 11. दीर बांधावर पालथे पडले आणि कान लावून ऐकू लागले. त्यांनी हाताने खूण केली तशी मीही कान लावला. खालून सतत फुसफुस असा आवाज येत होता. बॅटरी खाली धरली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. दाराची सर्वांत खालची फळी एका कडेने कुजून हाताच्या रुंदीइतकी तुटली होती. हे वयामुळे झाले असे म्हणता येईल. दुसऱ्या कडेला चौकट आणि दार यांच्यामध्ये घडवलेल्या चिऱ्याचा एक तुकडा पाचरीसारखा बसवलेला होता, आणि चिरा वयामुळे तिथे येऊन बसत नाही.

मुलांपैकी एकाने तो काढायला हात घातला. दिरांनी त्याचा दंड धरला. "आज मोजा," ते म्हणाले, "काढायचे ते उद्या उजेडात." त्या क्षणी मला ते भित्रेपणाचे वाटले होते. रात्री एकला भरती भरली तेव्हा आतला आकडा 17 वर होता. सकाळी सव्वासातला शेवटची नोंद झाली आणि मुले बांधावरच आडवी झाली.

दहा वाजता देवळाच्या मंडपात शिबिराची रोजची सभा होती. आम्ही वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर 46 ठिपके मांडून रेघ ओढली. खाली वेळ, बाजूला आकडा, आणि दार मिटल्याची वेळ तांबड्या शाईने. संघटनेचे पदाधिकारी आले, पावणी घेतलेले गृहस्थही आले आणि मागच्या खांबापाशी उभे राहिले. मी चिऱ्याचा उल्लेख केला नाही. दिरांनी सकाळीच तसे सुचवले होते. मी इतकेच सांगितले की दार मिटल्यानंतरही रेघ चढत राहिली. मंडपात कोणी चकित झाले नाही. "हें आमकां खबर आसा," असे एक वृद्ध म्हणाले, आणि त्यांचे खरेच होते. गावाला जे वर्षानुवर्षे माहीत होते ते आम्ही एका रात्रीत शोधून काढल्याचा आव आणला असता तर तो हास्यास्पद ठरला असता. गावाकडे नव्हते ते तारीख, वेळ आणि आकडा असलेले एक पान, आणि त्याच्या वर महाविद्यालयाचे नाव. कार्यालयाने मागितलेले लेखी म्हणजे हेच होते. मराठी चांगले लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने तिथेच बसून संघटनेच्या वतीने अर्ज लिहिला, फळीबद्दल आणि फळीपुरताच, आलेख जोडला, मी सही केली. शिक्का महाविद्यालयात असल्यामुळे एका मुलाला बसने पाठवून तो आणवला. शिक्क्याशिवाय अर्ज द्यायला संघटनेचे खजिनदार तयार नव्हते आणि माझ्या मते तेच बरोबर होते.

चिऱ्याचा तुकडा त्याच दिवशी दुपारी तिथे नव्हता. तो कोणी काढला हे आम्ही विचारले नाही. आदल्या रात्री पाच विद्यार्थ्यांच्या हातून तो काढवून घेतला असता, तर आम्ही गेल्यावर तो पुन्हा तिथे बसला असता आणि भांडण काकींच्या दारात उभे राहिले असते. गावात राहायचे होते ते त्यांना. आमची बस तीन दिवसांनी निघणार होती.

शिबिराच्या अहवालात हे सगळे कुठे लिहावे हा प्रश्न पडला. स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते, आणि हजेरीपत्रकात एका रात्रीचे 12 तास बसवताना लिपिकाने तीनदा विचारले की रात्री कसले श्रमदान. पण शिबिर संपल्यावर उरलेल्या तासांचे काय करायचे हे मुलांना आता कोणी सांगावे लागले नाही. ती दर महिन्याला एका रविवारी गावात जाऊ लागली, तीच वही घेऊन. दोन अर्ज, एक स्मरणपत्र आणि पावणीच्या पैशांतला थोडा वाटा यांतून एप्रिलमध्ये नवी फळी बसली. जुलैत पोंयीतला आकडा जवळजवळ गोड्या पाण्यावर आला, पण पावसाळ्यात तो तसाही येतो. त्यावर मी कोणाला आनंद मानू दिला नाही.

खरी परीक्षा पुढच्या डिसेंबरात होती. काकींच्या विहिरीचा आकडा आला 1.4. मुले हरखली. काकींनी मात्र परसात तांबड्या भाजीचे दोनच वाफे घातले होते, बाकी जमीन नांगरून मोकळी ठेवलेली. मिरची का नाही लावली, असे मी विचारले.

"मिरचीला किती चालते म्हणाला होतात तुम्ही?"

पाण्याचा आकडा एकच्या आसपास असेल तर तिला चालते, असे मी सांगितले.

"मग एकाच्या खाली उतरू दे," त्या म्हणाल्या आणि कळशी पालथी घालून आत गेल्या.