मंगळवेढ्याची भिंत आणि शिलोहाचा बुरूज

आम्ही ख्रिस्ती, सोलापूरचे, मिशनच्या जुन्या वस्तीतले. आषाढीच्या आधी गजानन महाराजांची पालखी शेगावहून तुळजापूरमार्गे शहरात येते तेव्हा लहानपणापासून आम्ही पोरं रस्त्याला उभं राहून वारकऱ्यांना पाणी वाटायचो, पण पंढरपूरपर्यंत चालत कधी गेले नव्हते, ते यंदा गेले. आणि गेले ते शेजारच्या काकूंमुळं. माझी ताई कॅन्सरनं आजारी होती तेव्हा ह्या काकू दिवसभर विड्या वळून रात्री दवाखान्यात तिच्या उशाशी येऊन बसायच्या, आम्हाला म्हणायच्या तुम्ही झोपा. आता त्यांचे गुडघे साथ देईनात, तरी वारी चुकवायची नाही म्हणाल्या, "पोरी, सोबतीला चल." मी त्यांना आधीच सांगितलं की काकू मी प्रभूला मानते, देवळात हात जोडायचं मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, "तू माझी पिशवी धर, हात माझं मी जोडते."

पण खरं सांगायचं तर मलाही चालायचंच होतं. ताईसाठी आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या माणसांनी, फार प्रार्थना केली, उपास धरले, रात्रीच्या सभा घेतल्या, पाळकसाहेब केमोच्या प्रत्येक वेळी येऊन गेले, ह्या सगळ्याचं ऋण आहेच. तरी ती गेली. आणि गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी एकांनी आईसमोरच म्हटलं की कबूल न केलेलं काहीतरी पाप राहिलं असेल नाहीतर घरच्यांचा विश्वास कमी पडला असेल. त्यानंतर आई उपासनेला जात राहिली पण गाणं म्हणायची बंद झाली, सगळी मंडळी उभी राहून गाते आणि आई नुसती पुस्तक धरून उभी. ते बघून मला जे व्हायचं ते लिहिता येत नाही.

तिऱ्ह्याला सीनेच्या पुलावर पोचेपर्यंत माझ्या टाचेला फोड आला होता. कुणीतरी माऊलींनी रस्त्याकडेला बसवून तेल लावून दिलं, नाव नाही गाव नाही. पुढं चालताना काकूंना मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली, पापाची आणि विश्वासाची. त्या बराच वेळ गप्प चालल्या आणि मग म्हणाल्या, "तुमच्या येसूला तर खिळं ठोकलं की गं. ज्याला सोताला एवढं सोसावं लागलं त्यो तुझ्या ताईचा हिशोब कशाला काढत बसंल?"

इतकी वर्षं संडेस्कूल, कन्फर्मेशनचे वर्ग, उपदेश, सगळं झालं होतं माझं, आणि ही गोष्ट मला विड्या वळणाऱ्या काकूंनी टाळांच्या आवाजात सांगितली.

मग पाय चालत होते आणि डोकं शास्त्र उलगडत होतं. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, बारावा अध्याय. हेरोद राजानं येशूचा शिष्य याकोब ह्याला तलवारीनं मारलं आणि दुसरा शिष्य पेत्र ह्याला तुरुंगात टाकलं, मंडळी एकाग्रतेनं प्रार्थना करत होती, रात्री देवदूत आला, साखळ्या गळाल्या, पेत्र बाहेर. हा भाग आपण साक्षीच्या सभेत किती वेळा ऐकतो, पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला याकोब मेलाय तो कुणी सांगत नाही. दोघंही प्रभूच्या अगदी जवळचे, ज्या डोंगरावर प्रभूचं रूप तेजानं पालटलं तिथं दोघंही सोबत होते. मग याकोबाचा विश्वास कमी होता का? कृत्ये लिहिणारा लूक असं काहीच लिहीत नाही. एक सुटला, एक मारला गेला, आणि मंडळी तीच. प्रेषित पौलाचंही तसंच, देहातला काटा, म्हणजे अंगाचं एक दुखणं, काढ म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही, कृपा पुरेल एवढंच उत्तर मिळालं. पौलाला कुणी म्हणेल का की बाबा तुझी प्रार्थना कमी पडली?

सगळं दुःख एकाच जातीचं नसतं हेही मला चालताना पटत गेलं. काही आपल्याच करणीचं असतं, काही दुसऱ्याच्या अन्यायाचं, काही विश्वासामुळंच अंगावर येतं जसं पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन ह्याच्यावर धोंडे आले. आणि काही असं असतं की ज्याला कारण चिकटवताच येत नाही, पौल रोमकरांस लिहितो तशी सगळी सृष्टीच कण्हतेय आणि आपण तिच्यातच आहोत, विश्वास ठेवला म्हणून शरीर काही वेगळ्या मातीचं होत नाही. बायबलात ईयोब नावाच्या नीतिमान माणसावर सगळी संकटं कोसळतात, त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून कारणं द्यायला लागले तिथं बिघडलं, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही.

कामतीला मुक्काम. पिठलं, भाकरी, शेंगाची चटणी, आणि पालाखाली हरिपाठ. मी बाजूला बसून मोबाइलवर 88 वं स्तोत्र काढलं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाला कुठंतरी उजेडाकडं वळतात, 22 वं सुद्धा, जे प्रभूनं वधस्तंभावर म्हटलं, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. 88 वं वळतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलंय, उपासनेत गायला ठेवलंय. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या विणेकऱ्यांनी विचारलं काय वाचताय, मी सांगितलं देवाशी भांडणारं गाणं आहे. ते म्हणाले आमच्यात पण आहेत की, चोखोबाचा पोरगा कर्ममेळा, त्यानं देवाला तोंडावर विचारलंय आम्हाला असल्या जन्माला का घातलं म्हणून. मग त्यांनी एक अभंग म्हणून दाखवला, हळू आवाजात, बाकीची झोपली होती. मला वाटतं ज्याला देव आहे असं मनापासून वाटतं तोच देवाशी असा भांडतो, ज्याचा विश्वास गेला तो कुणाशी भांडणार?

माचणूरला भीमा ओलांडली, सिद्धेश्वराचं देऊळ आणि औरंगजेबाचा किल्ला लांबून बघितला, ऊन फार होतं.

मंगळवेढा. इथं मला थांबायचंच होतं. काळ्या रानाचं, ज्वारीचं गाव, दामाजीपंतांचं गाव, चोखोबांचं गाव. चोखामेळा इथं गावकुसाच्या भिंतीच्या कामावर होते, वेठीचं काम, 1338 साली ती भिंत कोसळली आणि बाकीच्या मजुरांसोबत ते तिच्याखाली गाडले गेले. संत होते, विठ्ठलाचे लाडके होते, आणि भिंत अंगावर पडली. नामदेव पंढरपूरहून आले, ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या, कथा सांगते की ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची. कुणी वारकरी आजवर असं म्हटल्याचं मी ऐकलं नाही की चोखोबांची भक्ती कमी पडली म्हणून भिंत पडली.

आणि लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय अगदी हेच बोलतो. शिलोहातला बुरूज पडला आणि अठरा माणसं मेली. येशू लोकांना विचारतो, यरुशलेमात राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा ते अठरा जण जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. पुढं तो ऐकणाऱ्यांनाच म्हणतो की तुम्ही पश्चात्ताप करा, म्हणजे बोट मेलेल्यांकडून उचलून विचारणाऱ्याकडं वळवतो. जन्मांध माणसाच्या वेळीही शिष्य विचारतात पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं, तिथंही उत्तर तेच, ह्याचं नाही आणि त्यांचंही नाही. प्रभूनं दोन ठिकाणी इतकं स्पष्ट नाही म्हटलेलं असताना आपण प्रभूच्याच नावानं हो कसं म्हणतो? मी तिथं रस्त्याकडेला बसून रडले. काकू शेजारी बसल्या, गुडघे चोळत.

आमचे पणजोबा ह्याच भागातले. 1876 च्या दुष्काळानं ह्या मुलखाची पार राख केली, त्यात ते मिशनकडं आले, आणि भाकरीसाठी बाटले असं गाव म्हणायचं. पण पुढं पोट भरायला लागल्यावरही त्यांनी प्रभूला सोडलं नाही, प्लेगात दोन पोरं गेली तेव्हाही नाही. सुख मिळेल म्हणून धरलेला विश्वास असता तर तेव्हाच सुटला असता. दामाजीपंतांनी बहामनी काळात दुष्काळ पडल्यावर बादशहाची कोठारं उपाशी लोकांना खुली केली, त्यांना पकडून नेलं तेव्हा विठू महाराच्या रूपात देवानंच जाऊन धान्याचे पैसे भरले अशी कथा आहे. मी ती ऐकताना मला पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातला दासाचं रूप घेतलेला ख्रिस्त आठवत राहिला. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही, माझ्यासाठी वधस्तंभ खरोखर घडलेला आहे. पण देव वरून बघत बसत नाही, खाली उतरून सोसणाऱ्यांच्या ओळीत उभा राहतो, ही ओढ ह्या मातीत किती जुनी आहे ते मला मंगळवेढ्यात कळलं.

पंढरपुरात काकू दर्शनाच्या रांगेत गेल्या आणि मी महाद्वारात चोखोबांच्या समाधीपाशी थांबले, नामदेव पायरीच्या समोर. जिवंतपणी त्यांना आत जाता आलं नाही, आणि त्यांच्या माणसांसाठी देऊळ उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. शहराच्या वेशीबाहेर मारलेल्या प्रभूला मानणारी मी तिथं बाहेरच उभी राहून ताईसाठी उपकारस्तुती केली, ती गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर आईला लूक तेरा वाचून दाखवला. तिनं परत वाच म्हटलं. मग बऱ्याच वेळानं विचारलं, "त्या अठरा जणांच्या घरी नंतर कोण गेलं असंल गं?" शास्त्रात ते लिहिलेलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एका घरचा कर्ता माणूस अचानक गेला, आई आणि काकू दोघी पिठलं-भाकरी घेऊन गेल्या, मीही गेले. तिथं कुणीतरी सुरुवात केलीच, देवानं काहीतरी मनात धरूनच नेलं असणार वगैरे, तर आईनं त्यांना मध्येच थांबवलं आणि म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या, आधी पोरांना जेवू द्या."