खारी, कातरण आणि मशीनचा पट्टा

ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या बायका पिशवी उघडण्याआधी खाली बघतात. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमचं घर, बाहेरच्या खोलीत माझं मशीन आणि मशीनच्या पायट्याजवळ आमची कुत्री, खारी. "ही कपडे फाडत नाही ना गं?" हा प्रश्न ठरलेला. त्यांची काळजी रास्तच आहे. फॉल-पिकोला आलेली पैठणी कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाची असते, तिला दात लागून चालणार नाही. आजवर गिऱ्हाइकाच्या एकाही कपड्याला खारीने तोंड लावलेलं नाही, कारण माप घेऊन झालं की कापड थेट कपाटात जातं आणि कपाटाला कडी लागते. वस्तू चावणाऱ्या कुत्रीबरोबर राहायचं तर कडीवर भरवसा ठेवावा, कुत्रीच्या समजूतदारपणावर नाही, असं माझं पक्कं मत आहे.

घरच्या वस्तूंचं मात्र सांगायलाच नको. मापाची टेप, लाकडी फूटपट्टी, खुणा करायचे चॉक, प्लॅस्टिकची बॉबिन, ब्लाउजला लावायचे कप, सासूबाईंच्या चष्म्याचं घर, देव्हाऱ्याजवळच्या चौरंगाचा एक पाय. नवऱ्याच्या चपला तर जोडीने कधी जुन्या झाल्याच नाहीत. खारी देशी आहे, आमच्याच गल्लीतली. पावसात भिजलेलं पिल्लू उभ्या रिक्षाखाली कुडकुडत बसलं होतं. ते लेकीने उचलून आणलं आणि बेकरीतल्या खारीच्या रंगाचं म्हणून नाव खारी पडलं. मी जीव लावलाय तिला. तिच्याबद्दल कुणी "वाईट सवयीची" म्हटलं की मला राग येतो. म्हणूनच हे सगळं लिहायला बसले.

समोरच्या काकू म्हणतात, "तू तिला ठेवून दादरला अस्तर आणायला गेलीस ना, म्हणून सूड घेतला तिने." असं मानणारे पुष्कळ आहेत. आणि पुरावा काय, तर "बघ कशी कान पाडून बसलीय, केलेलं कळतंय तिला." याच कान पाडण्यावर न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी प्रयोग केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मालकाने कुत्र्याला खाऊ खायची मनाई करायची आणि खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्रा खाऊ खाई, कधी नाही. परत आलेल्या मालकाला मात्र कधी खरं सांगितलं जाई, कधी खोटं. दिसलं असं, की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा मालक रागावला की उमटतो, मग त्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट काहीही न खाता ओरडा बसलेल्या कुत्र्यांचे चेहरे जास्त पडले. खारी कान पाडते ती माझ्या आवाजाला. दोन तासांपूर्वी फोडलेल्या बॉबिनशी त्या आवाजाचा संबंध तिला लागत नाही, आणि तो लागत नसेल तर ओरडून मिळवायचं काय?

एकटं राहण्याची भीती वाटणारी कुत्री वेगळी असतात. ती बहुतेक वेळा दाराची चौकट, उंबरा, खिडकीची कड अशा जागा कुरतडतात, जिथून माणूस गेलं त्या वाटेवर. सोबत केकाटणं असतं, लाळ गळते. तसं दिसलं तर डॉक्टरांशी बोलायला हवं, तिथे खेळणी देऊन भागत नाही. आमच्या दाराला एक ओरखडा नाही. खारी चावते कारण चावणं हे तिचं काम आहे. मी दिवसभर हाताने काम करते. एखाद्या दिवशी काम नसलं, मशीन बंद आणि हात रिकामे, की संध्याकाळपर्यंत मलाच चैन पडत नाही. तिला हात नाहीत, तोंड आहे.

पिल्लूपणी तर दुसरा इलाजच नसतो. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, दुखतात. त्या दिवसांत पायपुसण्यात मला तिचा एक दात सापडला. टोकदार, पांढराशुभ्र, आणि उलटा करून पाहिला तर आतून पोकळ. मुळं विरघळून गेलेली असतात, म्हणून. बहुतेक दात पिल्लं गिळूनच टाकतात, त्यामुळे हा मी बटणांच्या डब्यात जपून ठेवलाय. मोत्याची बटणं शोधताना हाती लागतो.

आता पट्ट्याची गोष्ट. माझ्याकडे दोन मशिनी आहेत, एक मोटरवरची आणि एक आईकडून आलेली पायमशीन. पायमशीनला चामड्याचा गोल पट्टा असतो. तो खालच्या मोठ्या चाकावरून वर हातचाकावर येतो आणि त्याची दोन टोकं तारेच्या छोट्या क्लिपने जोडलेली असतात. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, दमट होतं आणि त्याला वास सुटतो. आपल्यालाही येतो, तर कुत्रीला किती येत असेल! गेल्या वर्षीच्या जुलैत, रात्रभर धो धो पाऊस, सकाळी उठून बघते तर पट्ट्याचे तुकडे. गोळा करून जमिनीवर एकापुढे एक लावले, लांबी जवळपास भरली. क्लिप नव्हती.

आमच्या धंद्यात सांडलेल्या टाचण्या गोळा करायला लोहचुंबक असतं. लेकीने ते सगळ्या लादीवरून, मशीनखालून, कपाटाखालून फिरवलं. टाचण्या आल्या, ब्लाउजचे हूक आले, तुटलेली सुई आली. क्लिप काही आली नाही. खारी शेपटी हलवत चुंबकामागोमाग फिरत होती, पोट मऊ होतं, उलटी नाही, काही नाही. तरी तार ती तार, तिची टोकं टोचणारी. नवरा म्हणाला, वाट बघायची नाही.

परळला प्राण्यांचं जुनं रुग्णालय आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं. अजूनही कितीतरी टॅक्सीवाल्यांना ते बैलघोडा हॉस्पिटल म्हणूनच ठाऊक आहे. रिक्षा सायनपुढे जात नाही, म्हणून आमच्याकडून थेट टॅक्सीच करावी लागली, आणि भर पावसात ओल्या कुत्रीला घेणारी टॅक्सी मिळायला वेळ लागला. जो थांबला त्याने स्वतःच मागच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरलं आणि म्हणाला, "माझ्याकडे गावी दोन आहेत." त्या माणसाचं भलं होवो. एक्स-रेत फासळ्या दिसल्या, आदल्या रात्रीचं जेवण दिसलं, धातू कुठेच नव्हता. माझे पाय तेव्हा कुठे जमिनीला लागले. क्लिप संध्याकाळी सासूबाईंच्या चादरीच्या घडीत मिळाली. खारी पट्ट्याचं टोक घेऊन त्यांच्या पायाशी चावत बसली असणार.

त्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीने ऐकावं. धातू एक्स-रेत उठून दिसतो. दोरा, कापड, प्लॅस्टिक तसं दिसत नाही, त्यासाठी बऱ्याचदा सोनोग्राफी करावी लागते. आणि दोरा हा क्लिपेपेक्षा घातक. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकून राहतं, बाकीचा आतड्यात पुढे सरकत जातो. कच्च्या टाक्यांचा दोरा ओढला की कापडाला चुण्या पडतात ना, तशा आतड्याला पडतात, आणि ताणलेला दोरा आतडं आतून कापतो. म्हणून कुत्र्याच्या तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढायचा नाही. आहे तसा ठेवून तडक डॉक्टर गाठायचा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपायही करायचा नाही, मीठच बाधतं. आमच्या घरात रीळ आणि सुया झाकणाच्या डब्यात असतात. डांबरगोळ्या घरातून गेल्या, त्या कुत्र्यांना विषारी असतात. रिमोटचे सेल आणि गोळ्यांची पाकिटं वरच्या फळीवर. सासूबाईंच्या गुडघेदुखीच्या गोळ्या तर खास, कारण माणसाच्या दुखण्यावरच्या कितीतरी गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाहीत.

मुंबईत हे चावणं पावसाळ्यात वाढतं. एरवी खारी सकाळी हायवेच्या अलीकडे नगरातल्या गल्ल्यांतून तासभर हुंगत फिरते. प्रत्येक झाडाचं बूड, प्रत्येक गाडीचं चाक तिला वाचायचं असतं, आणि मी ओढत नाही, फिरणं तिचं आहे. जूनपासून हे आखडतं. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो. कुत्र्यांना होतो आणि माणसांनाही. खारीची लेप्टोची लस दरवर्षी वेळेवर होते, तरी डबक्यातून मी तिला नेत नाही. मग घरात दोऱ्यांवर वाळत न वाळणारे कपडे, खाली कोंडलेली कुत्री, आणि तिच्या अंगातलं सगळं बळ जबड्यात.

म्हणून मी तिला चावायला शिवून देते. कातरण माझ्याकडे ढिगाने असते, पण ब्लाउजपीसची कातरण यात चालत नाही, ती पातळ असते, दोरे सुटतात. लागते जुनी जीन्स. चेन, बटण, पितळी रिव्हेट सगळं उसवून काढायचं. पायाच्या लांब पट्ट्या कापायच्या, कडा आत दुमडून दोन्ही बाजूंनी मशीन मारायची, म्हणजे उघडी कड कुठे राहत नाही. अशा तीन पट्ट्यांची घट्ट तिपेडी वेणी. टोकांना नुसती गाठ मारली तर ती एका दुपारीत सोडते, म्हणून टोक दुमडून आडवी-उभी शिलाई घालायची, मशीनला सोळा नंबरची सुई लावून. वेणी पाण्यात भिजवून फ्रीजरमध्ये ठेवायची. दात येत होते तेव्हा ही गार वेणी हिरड्यांना लावली की ती तासन्‌तास गप्प असायची. आणि एवढं करूनही ती माझ्या डोळ्यांसमोरच चावायची. रोज रात्री मी वेणी हातात घेऊन बघते, एक दोरा जरी सुटलेला दिसला की केराच्या डब्यात.

तिला चावताना बघावं. दोन्ही पुढच्या पायांत वेणी उभी धरते, मान वाकडी करते आणि तोंडाच्या कडेने, मागच्या रुंद दाढांनी चावते. पुढच्या दातांचं इथे काम नसतं. डोळे अर्धे मिटतात. मधेच थांबते, वेणी फिरवते, ओली बाजू खाली आणि कोरडी वर, आणि पुन्हा सुरू. माझं मशीन थांबलं की तीही थांबून वर बघते.

हाडावरून मात्र घरात बराच वाद झाला. सासूबाई कोकणातल्या. रविवारच्या मटणातली नळी कुत्र्याची, हे त्यांच्या माहेरापासून चालत आलेलं. "कुत्र्याला हाड नाही द्यायचं तर काय भाजी द्यायची?" पण शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि घशात नाहीतर आतड्यात रुततात. गोल नळी खालच्या जबड्यात अडकून बसल्याचंही होतं. कुत्र्यांना चावायला मिळणारं फार टणक चीज, शिंग, खूर यांनी वरची मोठी दाढ चिरते. डॉक्टरांची खूण सोपी आहे, नख रोवून बघा, जरासुद्धा खूण उमटत नसेल तर ती वस्तू दाताला जड. मे महिन्यात आंब्याची कोय आमच्याकडे लगेच झाकणाच्या डब्यात जाते. कुत्री ती अख्खी गिळतात आणि आतड्यात अडकली की पोट उघडावं लागतं. सासूबाईंना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचं होतं, ऐकलं, आणि आता त्या खारीसाठी भाजीवाल्याकडून निवडून गाजरं आणतात. फ्रीजमधलं गाजर कडकड वाजवत खाल्लं जाताना त्यांना फार समाधान होतं.

आणि तिच्या तोंडात नको ती वस्तू असेल तेव्हा मागे धावायचं नाही. धावलं की कुत्रं घाईने गिळतं. मी जागेवरच बसते, हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा धरते आणि म्हणते, "खारे, सोड." वस्तू पडते, तुकडा मिळतो, आणि निरुपद्रवी असेल तर कधीकधी वस्तूही तिला परत देते. आपण दिलं तर काही गमावत नाही, हे तिला कळलंय, म्हणून आता टेप तोंडात घेऊन ती स्वतःच माझ्याकडे येते.

मोठी झाली तरी चावणं थांबलेलं नाही. थांबावं असं मला वाटतही नाही. पायमशीनला नवा पट्टा आहे, काम संपलं की काढून खिळ्याला टांगते.

परवा एका गिऱ्हाईक ताईंनी जीन्सची वेणी पाहिली आणि विचारलं, दहा-बारा शिवून द्याल का, आमच्या सोसायटीत खपतील. मी नाही म्हटलं. दोरा कुठे सुटतोय ते रोज रात्री बघायला त्या घरांत मी नसणार. तुमची जुनी जीन्स घेऊन या, म्हटलं, कडा कशा दुमडायच्या ते मशीनवर बसवून शिकवते. शनिवारी येणार आहेत.