दोन बोटं

ताईची ही चिनी युद्धकला शिकायला चेनजियागोउ गावात तीन आठवडे राहिले, त्यातला पहिला आठवडा नुसती उभी होते. गुडघे किंचित वाकवून, झाडाला मिठी मारावी तसे हात पुढे धरून. शीफू, म्हणजे गुरुजी, मागून येत, कमरेच्या खालच्या मणक्याला दोन बोटं टेकवत, "सोंग" म्हणत आणि पुढच्याकडे वळत. चिनीत सोंग म्हणजे सैल. मी मात्र दोन दिवस आपलं मराठीतलं सोंगच करत होते. सैल व्हायला गेलं की ढिली पडायचे, की परत बोटं.

गावाच्या नावातला 'गोउ' म्हणजे घळ. हनान प्रांतात, ह्वांग हो नदीच्या उत्तरेला. सतराव्या शतकात इथल्या चेन वांगतिंगनी ताईची बांधली, असं गाव सांगतं. मला ओढ होती ती चेन चाओपींची. जन्म १८९३चा. बीजिंग, नानजिंगमध्ये ताईची शिकवून नाव कमावलेला माणूस. नदी-खात्यातली नोकरी संपवून १९५८ साली गावी परतला, तर शिकणारी तरुण पोरंच नाहीत. १९५६मध्ये सरकारने चोवीस हालचालींची सुटसुटीत ताईची काढली होती, पाच-सहा मिनिटांत संपणारी. आणि इकडे पासष्टीचा म्हातारा पोरांना गोळा करून पाऊणशे हालचालींचा जुना क्रम घोटून घेतोय! सांस्कृतिक क्रांतीत तर हे लपूनछपून, रात्री चालायचं म्हणतात. १९७२मध्ये ते गेले. त्यांच्या हाताखालच्या चौघांना पुढे 'चार जिनगांग' म्हणू लागले. त्यातले दोघे चेन, एक वांग, एक चू. घराण्याची विद्या घराण्याबाहेर दिली, हे मला २०२०मध्ये ताईची युनेस्कोच्या वारसा-यादीत गेली त्यापेक्षा मोठं वाटतं.

जिनगांग म्हणजे आपलं वज्र, वज्र धरणारा द्वारपालही. क्रमातली सुरुवातीचीच हालचाल त्याच्या नावाची, 'जिनगांग दाओ द्वे': वज्रधारी उखळात कांडतो. डावा तळवा उखळ, उजवी मूठ मुसळ. मूठ तळव्यात पडते त्याच क्षणी उजवा पाय जमिनीवर आपटतो. ऐकायला सोपं. कोषातून रेशीम ओढतात तसं अंग फिरवत तिथवर यायचं असतं. हिसडा बसला की धागा तुटला, थांबलात तरी गुंता.

शीफू चाओपींच्या शिष्याचे शिष्य. सत्तरीचे. कौतुक करत नाहीत, चिडतही नाहीत. मी एकदा चिकाटीने विचारलं, किती वर्षांत येतं? त्यांनी चहा ओतला आणि गुडघा कसा आहे ते विचारलं.

शेवटच्या सकाळी ते पाठमोरे उभे राहून दुसऱ्या एका मुलाचा खांदा बसवत होते. मी उखळ कांडलं. आपल्याला फार छान जमलं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी मान वळवली नाही, फक्त हात वर करून दोन बोटं दाखवली. मूठ आणि पाय, आवाज दोन आले होते.