एक राजीनामा आणि वहीतला हिशेब

खरेदी सांभाळणाऱ्या मॅडमनी सहा वर्षांनी राजीनामा दिला, तेव्हा मी साहेबांना म्हटलं, “महिन्याभरात माणूस आणते.” एचआरला मी एकटीच. मला तो निव्वळ भरतीचा प्रश्न वाटला.

अडीच महिने लागले. जाहिरात आणि कन्सल्टन्सीची फी मिळून त्यांच्या एका महिन्याच्या पगाराएवढा खर्च झाला. त्याची बिलं आली, म्हणून तो सगळ्यांना दिसला. बाकीच्या खर्चाचं बिल येतच नाही. म्हणून मी वहीत तास लिहायला लागले: १४० अर्ज चाळले, ११ मुलाखती, प्रत्येक मुलाखतीला दोन वरिष्ठ बसलेले. एकाने ऑफर घेतली आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी नकार कळवला. पुन्हा पहिल्यापासून. तोवर अकाउंट्समधले दोघं रोज दोन-दोन तास जास्त बसून खरेदीचं काम ओढत होते.

हँडओव्हरची फाइल मॅडमनी अगदी नीट करून दिली होती. पण कोणत्या पुरवठादाराला दोन दिवस आधी आठवण करावी लागते, कुणाच्या बिलातला दर दोनदा तपासावा लागतो, हे फाइलमध्ये कुठून येणार? ते त्यांच्या डोक्यात होतं. नव्या मुलाच्या पहिल्याच महिन्यात कच्चा माल उशिरा आला आणि एक ऑर्डर लांबली. त्यात त्याची काही चूक नव्हती. त्याला न विचारता काम करता येऊ लागायला चार महिने गेले.

जागा रिकामी असताना वाचलेला पगार मी हिशेबातून वजा केला. तरी जवळजवळ तीन महिन्यांचा पगार गेलेलाच होता. आपण फुगवून तर मांडलं नाही ना, या धास्तीने शोधलं, तेव्हा अमेरिकेतल्या सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेसचा २०१२चा अभ्यास सापडला. बहुतेक पदांसाठी माणूस बदलण्याचा खर्च वार्षिक पगाराच्या एक पंचमांशाच्या आसपास, आणि अगदी वरच्या पदांसाठी तो २१३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे आमचा आकडा अवास्तव नव्हता.

मॅडमनी जाण्याआधी पगारवाढ मागितली होती. वर्षाकाठी सव्वा महिन्याचा पगार. आम्ही ती नाकारली होती.

हे दोन आकडे मी एका कागदावर लिहून साहेबांपुढे ठेवले. त्यांनी बराच वेळ कागद पाहिला आणि विचारलं, “यंदा आणखी कुणाची वाढ नाकारली?” तीन नावं होती. त्याच आठवड्यात तिघांशी बोललो. दोघं थांबले. तिसऱ्याने तोवर दुसरीकडे होकार कळवला होता.