वस्तादांचा डावा अंगठा

पैलवानाला 'उभे राहा' म्हटलं की तो छाती काढून, दंड फुगवून उभा राहतो. मला तसा पुतळा करायचा नव्हता. म्हणून आमच्या सांगलीतले एक वयस्क वस्ताद कार्यशाळेत आले तेव्हा त्यांना चौथऱ्यावर चढवलं नाही. चहा दिला आणि म्हटलं, "वस्ताद, तुम्ही आपले हिंडा-फिरा." फ्रेंच शिल्पकार रोदँही आपल्या मॉडेलना स्टुडिओत असंच मोकळं वावरू द्यायचा.

सकाळभर फक्त त्यांचा मोडलेला कान शाडूत केला. घासून घासून कानाच्या कूर्चेजवळ रक्त साकळतं आणि तिथंच घट्ट होतं. बोट लावलं तर दगड लागतो.

दुपारी माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, सरळ अंगावरूनच प्लास्टरचा साचा काढू की." १८७७ मध्ये रोदँनं ब्रसेल्सला 'द एज ऑफ ब्राँझ' हा पुतळा मांडला, तेव्हा त्यानं जिवंत माणसावरून साचा काढला, असाच आळ त्याच्यावर आला होता. पुढचा सेंट जॉनचा पुतळा त्यानं मुद्दाम माणसाच्या मापापेक्षा मोठा केला. साच्यात कातडीची सुरकुती न् सुरकुती येते, हे खरं. पण ओल्या प्लास्टरच्या भारानं मांस दबतं, माणूस अंग आवरून धरतो, डोळे मिटून घेतो. मग हाती येतं ते नुसतं कातडं.

वस्ताद ऐकत होते. उठले आणि पोराला म्हणाले, "ये, खडाखडी घे." खडाखडी म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीला एकमेकांना चाचपून बघणं.

पोरगं पुढं झालं मात्र, म्हातारं शरीर पार बदललं. पोट सुटलेलं, खांदे उतरलेले, ते तसंच राहिलं. पण डाव्या पायाचा अंगठा फरशीवर रोवला गेला, पिंढरी ताठ झाली आणि मानेपर्यंतचं सगळं अंग त्या एका पावलावर तोललं गेलं. "अंगठा सुटला की गेलास बघ," ते पोराला सांगत होते.

मी ओळंबा घेऊन धावलो. गळ्याच्या खळगीपासून सोडलेली दोरी नेमकी डाव्या पावलावर आली. तिथंच सळीचा सांगाडा वाकवून घेतला आणि शाडूचा पहिला गोळा पावलावर थापला. माझ्या लेखी माणसाची आकृती भार जिथं पडतो तिथून सुरू होते. चेहरा फार नंतर.

ब्राँझमध्येही सगळं वजन त्याच पावलातून चौथऱ्यात जाणार, म्हणून आत जाड सळी घालावी लागेल. पुतळा करवून घेणाऱ्या मंडळींना भरदार छाती हवी आहे. त्यांना म्हटलंय, आधी पाय बघून जा, मग छातीचं बोलू.